बर्ड फ्ल्यूच्या विषाणूवरील काटे : हिमॅग्लुटिनिन प्रथिनाची रचना व कार्य

शेतीला पूरक जोडधंदा म्हणून कोंबडीपालनाने महाराष्ट्रात चांगले मूळ धरले आहे. कोठे पाच-दहा हजार मांसल पक्ष्यांची शेड उभी असते, तर कोठे घराच्या परसात दहा-वीस गावरान कोंबड्या दाणे टिपत असतात. या दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्याला सारखीच धास्ती वाटते ती बर्ड फ्ल्यूची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात हा रोग भारतात सर्वप्रथम आढळला व तेथील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातही त्याचा प्रादुर्भाव झाला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातील कोंबड्यांत आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत हा रोग आढळून आला. म्हणजे हे संकट एकदा येऊन कायमचे गेले, असे समजून चालणार नाही.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे. रोजचा संबंध पिकांशी, कोंबड्यांशी नव्हे. परंतु एका प्रशिक्षण वर्गात जोडधंद्यांविषयी बोलणे चालू असताना एका भगिनीने सरळ प्रश्न केला, "साहेब, माझ्या चाळीस कोंबड्यांतली एकही आजारी नव्हती. शेजारच्या शेडमध्ये रोग निघाला म्हणून माझ्याही नेल्या. धडधाकट पक्षी मारायचं कारण काय?" त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. नंतर पशुवैद्यक शाखेच्या सहकाऱ्यांशी चर्चा केली, वाचन केले, तेव्हा लक्षात आले की या प्रश्नाचे बरेचसे उत्तर विषाणूच्या अंगावरील एका प्रथिनात दडलेले आहे. त्या प्रथिनाचे नाव हिमॅग्लुटिनिन. त्याची ओळख सोप्या शब्दांत करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

विषाणूची घडण

बर्ड फ्ल्यूचा विषाणू साधारणपणे १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे दहा हजार विषाणू एकाला एक लावून ठेवले तर त्यांची रांग जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या आत आनुवंशिक द्रव्याचे आठ वेगवेगळे तुकडे असतात. बाहेरून स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. हे आवरण विषाणूचे स्वतःचे नसते. ज्या पेशीत तो वाढतो त्या पेशीतून बाहेर पडताना तिचाच पापुद्रा तो अंगावर ओढून घेतो. या आवरणातून सगळीकडे काटे बाहेर आलेले असतात. धोतऱ्याचे हिरवे बोंड डोळ्यांसमोर आणले, की विषाणूच्या रूपाची बरीचशी कल्पना येते.

हे काटे मुख्यतः दोन प्रकारच्या प्रथिनांचे असतात. संख्येने जास्त असणारे काटे हिमॅग्लुटिनिनचे, तर कमी असणारे न्यूरामिनिडेज या प्रथिनाचे. विषाणूच्या नावातील 'एच' आणि 'एन' ही अक्षरे याच दोन प्रथिनांची होत. पक्ष्यांमध्ये हिमॅग्लुटिनिनचे १६ आणि न्यूरामिनिडेजचे ९ प्रकार प्रदीर्घ काळापासून ज्ञात आहेत. वटवाघळांत आणखी काही प्रकार सापडले आहेत. नवापूर येथे आढळलेला विषाणू 'एच ५ एन १' या प्रकारचा होता. म्हणजे त्याच्यावर पाचव्या प्रकारचे हिमॅग्लुटिनिन व पहिल्या प्रकारचे न्यूरामिनिडेज होते.

या दोघांची कामे एकमेकांच्या उलट आहेत. हिमॅग्लुटिनिन विषाणूला पेशीशी चिकटवून आत शिरकाव करून देते. पेशीत नवे विषाणू तयार झाले, की ते पेशीला पुन्हा चिकटून राहू नयेत म्हणून न्यूरामिनिडेज त्यांना सोडवते. पक्ष्याची प्रतिकारशक्ती प्रामुख्याने हिमॅग्लुटिनिनवर रोखलेली असते आणि रोग सौम्य की तीव्र हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. म्हणून येथे त्याचाच विचार केला आहे.

नाव कसे पडले?

अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉर्ज हर्स्ट हे १९४१ मध्ये कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यांत फ्ल्यूचा विषाणू वाढवीत होते. अंड्यातील द्रवात कोंबडीचे रक्त मिसळले असता तांबड्या रक्तपेशींचे पुंजके होऊ लागले. एका विषाणूवर अनेक काटे असल्याने तो एकाच वेळी दोन-तीन रक्तपेशींना धरून ठेवतो आणि त्यामुळे त्यांचे जाळे तयार होते, असा याचा उलगडा झाला. रक्तपेशी एकत्र चिकटविणारे म्हणून या प्रथिनाला हिमॅग्लुटिनिन हे नाव मिळाले. रक्तपेशी चिकटविणे हे त्याचे निसर्गातील काम नव्हे, परंतु प्रयोगशाळेत विषाणू ओळखण्यासाठी आणि पक्ष्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत किंवा कसे हे पाहण्यासाठी याच गुणधर्मावर आधारलेली तपासणी आजही केली जाते.

काट्याची रचना

या काट्याची नेमकी आकृती १९८१ मध्ये इयान विल्सन, जॉन स्केहल आणि डॉन वायली या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी १९६८ च्या हाँगकाँग फ्ल्यूच्या विषाणूवरील प्रथिन वापरले. शेतकऱ्यांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे विषाणूच्या अंगावरून हे काटे कापून काढण्यासाठी वापरलेले ब्रोमेलिन हे विकर अननसापासून मिळते. सुटे झालेले प्रथिन स्फटिकरूपात आणून त्यावर क्ष-किरण सोडले व त्यावरून त्यातील अणूंची मांडणी शोधून काढली. एच ५ प्रकारच्या काट्याची रचनाही स्थूलमानाने तशाच घाटाची आहे.

एक काटा सुमारे १३.५ नॅनोमीटर लांब असतो. तो एकसंध नसून तीन सारख्या भागांचा, वेणीसारखा गुंफलेला असतो. प्रत्येक भाग सुमारे ५५० अमिनो आम्लांच्या एका साखळीपासून बनतो. मण्यांची माळ घडी घालून विशिष्ट आकारात बसवावी, तशी ही साखळी वळलेली असते. काट्याचे ढोबळ मानाने दोन भाग पडतात.

१) बोंड : हा वरचा गोलसर भाग होय. पेशीला धरण्यासाठी त्याच्या टोकाजवळ एक लहानशी खोबण असते.

२) देठ : हा खालचा लांबट भाग होय. त्याचे बूड विषाणूच्या आवरणात रोवलेले असते. पेशीचा पापुद्रा भेदण्याची यंत्रणा या देठात घडी करून ठेवलेली असते.

बोंड आणि देठ यांना जोडणाऱ्या साखळीत एक सांधा काट्याच्या बाहेरच्या अंगाला उघडा असतो. या सांध्यावर साखळी कापली गेली पाहिजे, तरच काटा कामाला येतो. खोबण, सांधा आणि देठातील घडी ही तीन ठिकाणे लक्षात ठेवली, की पुढील सर्व भाग समजणे सोपे जाईल.

पहिले काम : पेशीला चिकटणे

पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या पेशींवर साखरेच्या लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असते. हिमॅग्लुटिनिनच्या खोबणीत हे सायलिक आम्ल जाऊन बसते व विषाणू पेशीला चिकटतो. एका खोबणीची पकड कमजोर असते, परंतु अनेक काटे एकाच वेळी लागल्याने विषाणू पक्का बसतो. गवतातून चालताना एखादे कुसळ धोतराला लागले तर झटकून जाते, पण शंभर लागली तर वेचत बसावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

सायलिक आम्ल खालच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेले असते. कोंबड्या-बदकांच्या आतड्यात व श्वासमार्गात एका प्रकारची जोडणी प्रामुख्याने असते, तर माणसाच्या नाक-घशात दुसऱ्या प्रकारची. बर्ड फ्ल्यूच्या विषाणूची खोबण पक्ष्यांच्या जोडणीला अनुरूप असते. त्यामुळे हा रोग माणसाला सहजासहजी होत नाही व झाला तरी एका माणसापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही.

मात्र माणसाच्या फुप्फुसाच्या अगदी खोलवरच्या भागात पक्ष्यांसारखी जोडणी असलेल्या पेशी आढळतात. आजारी पक्षी हाताळताना, सोलताना किंवा विष्ठा साफ करताना पुष्कळ विषाणू श्वासावाटे आत गेले तर ते तेथपर्यंत पोचतात आणि गंभीर न्यूमोनिया होतो. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे १८ माणसांना एच ५ एन १ ची लागण होऊन त्यांपैकी ६ जण दगावले. २००३ नंतर जगभर नोंदल्या गेलेल्या ९०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण मरण पावले. भारतात या विषाणूने झालेला माणसाचा पहिला मृत्यू २०२१ मध्ये नोंदला गेला.

शास्त्रज्ञांना चिंता वाटते ती या खोबणीतील बदलाची. तेथील २२६ व २२८ या क्रमांकांच्या जागांवरील अमिनो आम्ले बदलली, की पकड पक्ष्यांकडून माणसाकडे झुकू शकते. १९५७ व १९६८ मध्ये माणसांत आलेल्या फ्ल्यूच्या साथींच्या विषाणूंत हाच बदल झालेला होता. मार्च २०२४ पासून अमेरिकेतील दुभत्या गायींत एच ५ एन १ आढळू लागला. त्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२६ व्या जागेवरील एकच अमिनो आम्ल बदलले तरी ते माणसाच्या जोडणीला धरू लागते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. याचा अर्थ असा बदल निसर्गात झाला आहे असे नव्हे. परंतु विषाणूला वाढण्याची जितकी जास्त संधी मिळेल, तितकी अशा बदलाची शक्यता वाढते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरे काम : सांध्यावर कापले जाणे

सौम्य रोग आणि शेड रिकामी करणारा रोग यांतील मुख्य फरक याच पायरीवर ठरतो. त्यामुळे कोंबडीपालकांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

पेशीत तयार झालेला नवा काटा अखंड असतो व अखंड असेपर्यंत तो निरुपयोगी असतो. सांध्यावर त्याचे दोन तुकडे झाले, की तो सज्ज होतो. तुकडे झाले तरी ते एका रासायनिक बंधाने एकमेकांना धरून राहतात. हे कापण्याचे साधन विषाणूजवळ नसते. ते काम पक्ष्याच्या शरीरातील विकरे करतात.

सौम्य प्रकारच्या विषाणूत या सांध्यावर सहसा अर्जिनिन हे एकच आम्लारीधर्मी अमिनो आम्ल असते. असा सांधा कापण्यासाठी ट्रिप्सिनसारखे विकर लागते आणि ते मुख्यतः आतड्यात व श्वासमार्गातच मिळते. त्यामुळे विषाणूची वाढ तेवढ्याच भागापुरती मर्यादित राहते. रानबदके असा विषाणू आतड्यात बाळगून असतात व बहुधा आजारीही पडत नाहीत. विष्ठेतून मात्र तो पाण्यात सोडत राहतात. कोंबड्यांत अशा विषाणूमुळे थोडी शिंक, खाणे कमी होणे, अंडी घटणे एवढीच लक्षणे दिसतात.

अतितीव्र प्रकारच्या विषाणूत याच सांध्यावर अर्जिनिन व लायसिन यांची रांगच लागलेली असते. कोंबडीखाद्यात मिसळतात तेच हे लायसिन. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात हंसामध्ये आढळलेल्या एच ५ एन १ विषाणूच्या सांध्यावर अशी अनेक आम्लारीधर्मी अमिनो आम्ले ओळीने होती आणि नंतर जगभर पसरलेले विषाणू त्याच घराण्यातील आहेत. असा सांधा फ्युरिन नावाच्या विकराने कापला जातो. फ्युरिन हे शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत असते, कारण पेशीला स्वतःच्या कामासाठीही ते लागते. सौम्य विषाणूचा सांधा कापायला खास कात्री लागते आणि ती दोनच ठिकाणी मिळते. अतितीव्र विषाणूचा सांधा मात्र घरोघरच्या विळीने कापला जातो, असे म्हणता येईल. त्यामुळे तो रक्तावाटे हृदय, मेंदू, यकृत, स्नायू असा सर्वत्र वाढतो. तुरा व चोचीखालच्या पाळ्या निळ्या पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग दिसणे आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक सर्व पक्षी मरणे, ही लक्षणे त्यामुळेच दिसतात.

हिमॅग्लुटिनिनच्या अनेक प्रकारांपैकी निसर्गात असे अतितीव्र रूप घेतलेले आढळतात ते एच ५ आणि एच ७ हे दोनच. हे रूप अनेकदा कोंबड्यांच्या शेडमध्येच तयार झाले आहे. इटलीमध्ये मार्च १९९९ पासून टर्की व कोंबड्यांत एच ७ एन १ चा सौम्य विषाणू फिरत होता. डिसेंबर १९९९ मध्ये तो अतितीव्र बनला व त्या साथीत १ कोटी ३० लाखांहून अधिक पक्षी गेले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एप्रिल १९८३ मध्ये आलेला एच ५ एन २ विषाणू ऑक्टोबरपर्यंत अतितीव्र झाला. तेथे सांध्यावर आम्लारीधर्मी अमिनो आम्ले आधीपासूनच होती, परंतु शेजारी जोडलेल्या एका साखरेच्या साखळीने तो सांधा झाकलेला होता. एका अमिनो आम्लाच्या बदलाने ती साखळी नाहीशी झाली आणि सांधा उघडा पडला. सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी तेथे नष्ट करावे लागले.

दाटीने ठेवलेल्या हजारो पक्ष्यांतून विषाणू एकातून दुसऱ्यात जात राहिला, की दर वेळी त्याच्या नकला होतात व नकला करताना चुका होतात. त्यांतील एखादी चूक सांध्यावर झाली, की सौम्य रोगाचा भयंकर रोग होतो. म्हणून किरकोळ वाटणारी शिंक आणि अकारण घटलेली अंडी यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

राणीखेत रोगाशी तुलना

कोंबडीपालकांना परिचित असलेला राणीखेत किंवा मानमोडी हा रोग वेगळ्या विषाणूमुळे होतो. परंतु त्याच्याही अंगावर सांध्याशी कापले जाणारे एक प्रथिन असते आणि सौम्य-तीव्र हा भेद तेथेही बराचसा याच सांध्यावर ठरतो. लासोटा लसीतील जिवंत विषाणू कोंबडीला मारत नाही, कारण त्याचा सांधा फ्युरिनने कापता येत नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, लासोटा लस बर्ड फ्ल्यूपासून संरक्षण देत नाही, कारण काटेच वेगळे आहेत. दुसरी, तीव्र राणीखेत व बर्ड फ्ल्यू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की केवळ डोळ्यांनी निदान करता येत नाही. "राणीखेतच असेल" असे म्हणून मेलेले पक्षी ओढ्यात टाकण्याची चूक म्हणूनच महाग पडते.

तिसरे काम : सामू उतरताच झेप

पेशीला चिकटलेला विषाणू पेशी स्वतःच एका पिशवीत आत ओढून घेते. तेथे तो अजून कैदेतच असतो. त्याला पिशवी फोडून आनुवंशिक द्रव्य पेशीत सोडायचे असते.

माती परीक्षणामुळे सामू हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. सामू ७ म्हणजे उदासीन आणि त्याखाली आम्लधर्मी. पेशी त्या पिशवीतील सामू हळूहळू कमी करत नेते. तो ५ ते ६ च्या दरम्यान आला, की काट्याचे रूप एकाएकी पालटते. वरची बोंडे बाजूला सरतात. देठात दडलेले, साधारण वीस अमिनो आम्लांचे टोक वर झेपावते व पिशवीच्या पापुद्र्यात रुतते. मग देठ मधूनच दुमडला जाऊन दोन्ही पापुद्रे एकमेकांवर ओढले जातात, ते एकजीव होतात, भोक पडते आणि आतील द्रव्य पेशीत उतरते.

उंदराचा सापळा हे याचे चांगले उदाहरण आहे. सांध्यावर कापणे म्हणजे सापळ्याची पट्टी ताणून ठेवणे आणि सामू उतरणे म्हणजे उंदराने आमिषाला तोंड लावणे. फरक एवढाच की हा सापळा एकदा सुटला की पुन्हा ताणता येत नाही. पेशीला भेटण्यापूर्वीच विषाणू तीव्र आम्लात सापडला, तर त्याचे काटे वेळेआधीच सुटतात व तो निकामी होतो. उष्णतेनेही काट्याची घडी मोडते. मांस व अंडी आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमानाला शिजवल्यास विषाणू नष्ट होतो तो यामुळेच. साबण व धुण्याचा सोडा विषाणूचे स्निग्ध आवरण विस्कटतात आणि काट्यांचा आधारच जातो. मात्र विष्ठा व चिखल यांच्या आत विषाणूला आसरा मिळतो. विष्ठेत तो ४ अंश सेल्सिअसला ३५ दिवस व ३७ अंशाला सुमारे ६ दिवस टिकल्याचे आढळले आहे. म्हणून आधी खरवडून साफ करावे, धुवावे आणि मगच जंतुनाशक वापरावे. घाणीवर फवारलेले औषध वाया जाते.

रूप पालटणारा काटा आणि लस

पक्ष्याच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे मुख्यतः काट्याच्या बोंडावर बसतात व खोबण अडवतात. पण बोंडाच्या बाहेरील अमिनो आम्ले सतत बदलत राहतात आणि जुनी प्रतिपिंडे मग नव्या बोंडावर नीट बसत नाहीत. गव्हाचा तांबेरा-प्रतिकारक वाण काही वर्षांनी बुरशीची नवी जात आल्यावर तांबेऱ्याला बळी पडतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. येथेही तसेच घडते.

चीन, इजिप्त, व्हिएतनाम या देशांनी लसीकरणाचा मार्ग पत्करला. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देण्यास सुरुवात केली. लसीमुळे मर कमी होते हे खरे, परंतु काटा बदललेला असल्यास टोचलेला पक्षी वरून निरोगी दिसूनही विषाणू पसरवू शकतो. त्यामुळे लसीची विषाणूशी जुळणी वेळोवेळी तपासावी लागते व कडक पाहणी ठेवावी लागते. लासोटासारखा सौम्य जिवंत विषाणू येथे वापरणे योग्य नाही, कारण त्याचा सांधा पुढे बदलून तो तीव्र होण्याचा धोका राहतो. आपल्याकडे अतितीव्र बर्ड फ्ल्यूच्या बाबतीत बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करून रोग जागीच थांबविण्याचे धोरण राबविण्यात आले आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी नुकसानभरपाईची तरतूद असून तिचा भार केंद्र व राज्य शासन निम्मा-निम्मा उचलतात.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) शेडच्या जाळ्या दुरुस्त ठेवाव्यात. कावळे, चिमण्या, पाणपक्षी आत येणार नाहीत असे पाहावे. खाद्य व पाण्याची भांडी उघड्यावर ठेवू नयेत.

२) कोंबड्या, बदके व वराहे एकत्र पाळू नयेत. बदके वरून निरोगी दिसूनही विषाणू बाळगू शकतात. वराहाच्या श्वासमार्गात पक्षी व माणूस या दोघांच्याही प्रकारची जोडणी असते.

३) तळे, ओढा येथील पाणी कोंबड्यांना पाजायचे झाल्यास ते निर्जंतुक करूनच पाजावे.

४) शेडसाठी वेगळी पादत्राणे ठेवावीत. दाराशी चुना पसरावा. अंड्यांचे ट्रे, पिंजरे व खाद्याची पोती एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर फिरवू नयेत. व्यापाऱ्याचे वाहन शेडपासून दूर उभे करावे.

५) सर्व पक्षी एकाच वेळी आणावेत व एकाच वेळी काढावेत. दोन तुकड्यांच्या मध्ये शेड धुऊन, चुना मारून रिकामी ठेवावी.

६) अचानक मर वाढली, अंडी एकाएकी घटली किंवा गावात कावळे मरून पडलेले दिसले, तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे पक्षीमालकावर बंधनकारक आहे. नमुने पुणे येथील औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविले जातात व तेथे निदान निश्चित होते.

७) मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नयेत, कापू नयेत, कुत्र्या-मांजरांना घालू नयेत. मांजर वर्गातील प्राण्यांनाही या विषाणूची बाधा होते. नागपूरच्या गोरेवाडा येथील तीन वाघ व एक बिबट्या डिसेंबर २०२४ मध्ये दगावले आणि तपासणीत त्यांना हीच बाधा झाल्याचे आढळले.

८) आजारी पक्षी घाईने बाजारात विकू नयेत. त्यामुळे आपले चार पैसे वाचतात असे वाटते, पण रोग बाजारातून दहा गावांत जातो.

९) मांस व अंडी पूर्ण शिजवून खावीत. अर्धकच्चे अंडे टाळावे. नीट शिजवलेले मांस व अंडी खाण्यास भिण्याचे कारण नाही.

समारोप

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. तिच्या कोंबड्या खरोखर धडधाकट दिसत होत्या. परंतु लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. अतितीव्र विषाणूचा सांधा शरीरात कोठेही कापला जात असल्याने त्या काळातच तो पक्ष्याच्या सर्व अवयवांत वाढू लागतो आणि लाळ, विष्ठा यांतून बाहेर पडू लागतो. शेजारच्या शेडमध्ये रोग निघालेला असताना कोणता पक्षी खरोखर निरोगी आणि कोणता फक्त तसा दिसतो, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एकेका पक्ष्याची तपासणी होईपर्यंत रोग पुढच्या गावात पोचलेला असतो. म्हणून बाधित ठिकाणाभोवतालच्या ठरावीक अंतरातील सर्व पक्षी नष्ट करावे लागतात.

हे उत्तर ऐकून चाळीस कोंबड्या परत येत नाहीत, याची जाणीव लेखकाला आहे. परसातल्या त्या कोंबड्यांवर त्या घराचा मीठमिरचीचा आणि मुलांच्या वह्यांचा खर्च चालत होता. ही किंमत परसातील कोंबडीपालकाला वारंवार मोजावी लागू नये यासाठी एकच उपाय आहे. मोठ्या शेडच्या मालकाने पहिल्या दिवशी खबर द्यावी, चौथ्या दिवशी नव्हे. विषाणूला सौम्याचा तीव्र होण्यासाठी, पक्ष्याकडून माणसाकडे वळण्यासाठी लागते ती वाढण्याची संधी. सांध्यावरची दोन-चार अमिनो आम्ले बदलणे आपल्या हाती नाही. ती बदलण्याची संधी विषाणूला न देणे मात्र प्रत्येक कोंबडीपालकाच्या हाती आहे.